पाऊण टनाचा ट्रक किती ओढतो?

अमेरिकेत जुने पिकअप ट्रक जपणाऱ्या माणसांच्या बोलण्यात तीन शब्द सारखे येतात: हाफ-टन, थ्री-क्वार्टर-टन आणि वन-टन. आपल्या भाषेत अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन. १९७२ सालचा शेव्हरोलेचा सी-१० अर्ध्या टनाचा, सी-२० पाऊण टनाचा, सी-३० एक टनाचा. फोर्डमध्ये हीच चढती भाजणी एफ-१००, एफ-२५०, एफ-३५० अशी, तर डॉजमध्ये डी-१००, डी-२००, डी-३०० अशी. मागे होडी बांधून तळ्यावर न्यायची असो, घोड्यांचा ट्रेलर ओढायचा असो, की दुरुस्तीला काढलेली दुसरी जुनी मोटार घरी आणायची असो, जुना ट्रक घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती टनाचा घेऊ?

प्रश्न रास्त आहे. पण ज्या शब्दांत तो विचारला जातो, ते शब्द ओढण्याबद्दल काहीच सांगत नाहीत. अर्धा, पाऊण, एक हे आकडे ठरले ते ट्रकच्या पाठीवर किती माल ठेवायचा याच्या हिशेबाने. ट्रकच्या मागे काय बांधायचं याचा विचार त्यात नव्हता. वाहणं आणि ओढणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि या शब्दांचा इतिहास नीट पाहिला की जुना ट्रक निवडतानाचे निम्मे घोटाळे आपोआप सुटतात, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात 'टन'पासून करू. या शब्दाचं मूळ वजनात नाही, पिंपात आहे. मध्ययुगीन लॅटिनमधला 'टुन्ना' आणि जुन्या इंग्रजीतला 'टुन्ने' म्हणजे मोठं लाकडी पिंप. हा शब्द मुळात केल्टिक भाषांतून आला असावा असं मानतात. इंग्लंडमध्ये वाइनच्या अशा एका पिंपाचं माप २५२ गॅलन ठरलं होतं, आजच्या हिशेबाने सुमारे ९५० लिटर. भरलेल्या पिंपाचं वजन २,००० पौंडांच्या वर जाई. बोर्दोहून वाइन घेऊन येणाऱ्या जहाजात किती पिंपं मावतात, यावरून जहाजाचा आवाका सांगत आणि राजा दर पिंपामागे कर घेई. त्या करालाही 'टनेज'च म्हणत. पुढे पिंप मागे पडलं आणि त्याचं वजन तेवढं शब्दात उरलं.

या पिंपाचे नातेवाईक आजही रस्त्यावर भेटतात. फ्रेंचमध्ये पिंपाला 'तोनो' म्हणतात. सुरुवातीच्या मोटारींतल्या मागच्या बैठकीच्या भागाला हेच नाव पडलं, आणि पिकअपच्या मागच्या हौद्यावर ताणून बसवतात त्या आच्छादनाला आज 'टोनो कव्हर' म्हणतात. जुन्या फ्रेंचमधल्या छोट्या पिंपाच्या नावावरून इंग्रजीत 'टनेल' आला. म्हणजे अर्ध्या टनाचा ट्रक टोनो कव्हर लावून टनेलमधून जातो तेव्हा एकच पिंप तीन रूपांत सोबत असतं.

वजन झाल्यावरही टन एकाच जागी स्थिरावला नाही. इंग्रजांच्या हिशेबात टन म्हणजे २० हंड्रेडवेट, आणि एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड. त्यामुळे त्यांचा टन २,२४० पौंडांचा झाला. अमेरिकनांनी हंड्रेडवेट खरोखरच शंभर पौंडांचं धरलं आणि त्यांचा टन २,००० पौंडांवर आला. मेट्रिक टन हजार किलोंचा, म्हणजे सुमारे २,२०५ पौंडांचा. अमेरिकी ट्रकचा अर्धा टन त्यामुळे १,००० पौंड, साधारण ४५४ किलो. आपल्या मनातला अर्धा टन ५०० किलोंचा असतो. मराठी माणूस अमेरिकेत जुना पिकअप बघायला गेला तर पहिल्याच शब्दात त्याच्या हिशेबात ४६ किलोंचा फरक पडलेला असतो.

एकाच नावाखाली वेगवेगळी वजनं नांदतात, हे आपल्याला नवीन नाही. आपली खंडी तशीच. साधारणपणे वीस मणांची एक खंडी, पण मण गावागणिक वेगळा. इंग्रजांनी ही खंडी 'कँडी' म्हणून उचलली. मुंबईचा मण २८ पौंडांचा ठरला, म्हणून मुंबईची खंडी ५६० पौंडांची झाली, इंग्रजी टनाचा बरोबर चौथा हिस्सा. कापसाची खंडी मात्र ७८४ पौंडांची, सुमारे ३५६ किलोंची. कापूसबाजारात आजही भाव खंडीवरच निघतो. ज्याने कापूस विकला आहे त्याला कळतं की 'खंडी' ऐकली की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा असतो: कशाची खंडी? ट्रकच्या टनालाही असाच एक प्रश्न विचारावा लागतो: कशाचा टन? पाठीवरचा, एकूण, की मागे बांधलेला?

ट्रकच्या नावात हा टन आला कधी? १९१७ साली फोर्डने मॉडेल टीचा दणकट भाऊ काढला, मॉडेल टीटी. तो एक टनाचा ट्रक म्हणून विकला गेला. १९१८ साली शेव्हरोलेने दोन ट्रक आणले, एक अर्ध्या टनाचा हलका आणि एक टनाचा दुसरा. त्या काळी या शब्दात लबाडी नव्हती. चाकं, कमानी, चौकट आणि इंजिन मिळून हौद्यावर १,००० किंवा २,००० पौंडांचा माल नेता येईल, एवढाच त्याचा अर्थ. दूधवाला, लाकूडवाला, शेतकरी, सगळ्यांना आपला माल पौंडांत माहीत होता. तेवढ्या मालाचा ट्रक त्यांना मागता येई.

पुढे सैन्याने हे शब्द पक्के केले. दुसऱ्या महायुद्धातली जीप अमेरिकी सैन्याच्या कागदांत 'पाव टनी ट्रक' होती. डॉजच्या डब्ल्यूसी गाड्या आधी अर्ध्या टनाच्या आणि १९४२पासून पाऊण टनाच्या. जीएमसीचा प्रसिद्ध सहाचाकी ट्रक अडीच टनाचा, सैनिकांच्या तोंडी त्याचं नाव 'ड्यूस-अँड-अ-हाफ'. पण हे सैनिकी आकडे कच्च्या, उखडलेल्या वाटेसाठी होते. जीएमसीच्या त्या ट्रकचा वारसदार एम-३५, त्याची मर्यादा कच्च्या वाटेवर ५,००० पौंड आणि पक्क्या रस्त्यावर १०,००० पौंड होती. एकाच ट्रकच्या एकाच नावामागे दोन वजनं.

ही सगळी शिडी मराठीत किती सहज बोलता येते! पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीच. 'पाव' आला संस्कृत 'पाद'वरून, चौथा भाग. 'पाऊण' म्हणजे 'पादोन', पाव कमी एक. 'अडीच'च्या मुळाशी 'अर्धतृतीय' आहे, म्हणजे तिसरा ज्यात अर्धाच आहे. इंग्रजी पाऊणला तीन चतुर्थांश म्हणते, चार तुकडे करून त्यातले तीन उचलते. मराठी पुऱ्या एकाकडे बघते आणि किती उणं आहे ते सांगते. जुना ट्रक निवडताना ही मराठी नजर फार कामाची आहे, कारण तिथला खरा हिशेब वजाबाकीचाच असतो. त्याकडे पुढे येतोच.

हे ट्रक मुंबईला परके नव्हते. जनरल मोटर्सने १९२८मध्ये शिवडीला शेव्हरोले गाड्या जोडायला सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्यात डॉज आणि फार्गो ट्रक बांधले. महिंद्रांनी १९४७मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. अमेरिकेत पाव टनाचा ट्रक म्हणून जन्मलेली ती गाडी आपल्याकडे नुसती 'जीप' झाली, टनाचा उल्लेख गळून पडला.

अमेरिकेतही टन हळूहळू नावातून मागे सरला आणि त्याच्या जागी नुसते क्रमांक आले. १९४८ साली फोर्डने ट्रकची नवी मालिका काढली. एफ-१ अर्ध्या टनाचा, एफ-२ पाऊण टनाचा, एफ-३ भक्कम पाऊण टनाचा, एफ-४ एक टनाचा. १९५३मध्ये एफ-१चा एफ-१०० झाला, मधल्या दोघांच्या जागी एफ-२५० आला आणि एफ-४चा एफ-३५० झाला. शेव्हरोलेच्या १९४७ ते १९५५ या काळातल्या लाडक्या ट्रकांवर ३१००, ३६०० आणि ३८०० असे आकडे असत. १९६०पासून सी-१०, सी-२०, सी-३०, आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांसाठी सी ऐवजी के. या आकड्यांना वजनाचं परिमाण नाही. शंभर म्हणजे शंभर पौंड नव्हेत, दहा म्हणजे दहा मण नव्हेत. ते क्रमाने लावलेले बिल्ले आहेत.

यातला सर्वात बोलका बिल्ला एफ-१५०चा. तो १९७५ सालच्या मालिकेत आला. त्या वेळी अमेरिकेत हवेच्या प्रदूषणाचे नवे नियम हलक्या ट्रकांना लागू झाले होते. ज्या ट्रकचं मालासकट कमाल वजन ६,००० पौंडांच्या आत, त्याला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसं नसलेलं पेट्रोल आलं. फोर्डने अर्ध्या टनाच्याच ट्रकला थोडं बळकट करून ती मर्यादा किंचित ओलांडली आणि नव्या गाडीचं नाव १०० आणि २५०च्या मध्ये ठेवलं. शेव्हरोलेनेही त्याच कारणाने 'बिग टेन' काढला. लोक या गाड्यांना 'हेवी हाफ' म्हणू लागले, भारी अर्धा. ओढण्याच्या दृष्टीने बघणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. भारी अर्ध्यातलं भारीपण नियमाच्या रेषेपलीकडे जाण्यापुरतं होतं. त्याला पाऊण टनाच्या जवळचा समजून मोठा ट्रेलर लावणं चुकीचं आहे.

आता वाहणं या शब्दाकडे येऊ. संस्कृतमधला 'वह्' धातू मराठीत 'वाहणे', 'वाहन', 'प्रवाह', 'विवाह' अशा कितीतरी शब्दांत जिवंत आहे. युरोपातल्या भाषांमध्ये याच मुळाची शाखा पसरली आहे. लॅटिनमधल्या 'वेहेरे'वरून इंग्रजीतला 'व्हेइकल' आला. 'वॅगन' त्याच कुळातला. आणि ज्याचा इथे सर्वांत मोठा उपयोग आहे तो शब्द म्हणजे 'वेट', वजन. जुन्या इंग्रजीत 'वेगान' म्हणजे वाहून नेणं, उचलणं. उचलून तोलणं यातून 'वे' म्हणजे वजन करणं हा अर्थ निघाला आणि त्यातून 'वेट'. म्हणजे आपलं 'वाहन', इंग्रजीचं 'व्हेइकल' आणि 'वेट' ही एकाच मुळाची लेकरं. वजन म्हणजे जे वाहिलं जातं ते, हा अर्थ त्या शब्दाच्या पोटातच आहे.

'टो', म्हणजे ओढणं, याचं कूळ निराळं. जुन्या इंग्रजीतला 'तोगियान', ओढत नेणं, त्याचा पूर्वज. त्या मुळाचा मूळ अर्थ 'पुढे होऊन नेणं'. लॅटिनमधला 'दूकेरे' त्याच मुळाचा, आणि त्यातून आपल्या एसटीतला 'कंडक्टर' निघाला. 'टग' त्याच घरातला. इतकंच काय, 'टीम'ही त्याच घरातली. जुन्या इंग्रजीत 'टीम' म्हणजे एका जोखडाला जुंपलेली जनावरं. ती जनावरं हाकणारा तो 'टीमस्टर'. अमेरिकेतल्या ट्रकचालकांची संघटना १९०३मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे सभासद घोडे हाकत होते. घोडे गेले, ट्रक आले, संघटनेच्या नावात 'टीमस्टर्स' आजही आहे.

शब्दांची ही दोन घराणी एकमेकांपासून दूर आहेत. वजन, वाहन, वाहणं हे एक कूळ. ओढणं, हाकणं, जुंपणं हे दुसरं. अर्धा टन, पाऊण टन ही नावं पहिल्या कुळातली आहेत आणि ट्रेलरवाल्याची गरज दुसऱ्या कुळातली. घोटाळा होतो तो नेमका इथे.

आपल्याकडच्या गॅरेजात ओढण्यासाठी एक पक्का देशी झालेला शब्द आहे, 'टोचन'. बंद पडलेली गाडी टोचन करून आणली, असं रस्त्यावर सर्रास ऐकू येतं. 'टो' आणि 'चेन' मिळून तो घडला. साखळीच्या जागी आता दोर असतो, पट्टा असतो, लोखंडी दांडा असतो, तरी टोचन टोचनच. पण टोचन आणि ट्रेलर यात एक महत्त्वाचा फरक आहे. टोचनात मागची गाडी आपल्या चाकांवर उभी असते आणि तिचा भार पुढच्या गाडीच्या पाठीवर येत नाही. ट्रेलर पुढच्या गाडीवर टेकतो. ट्रेलर ओढताना ट्रक थोडं वाहतही असतो.

ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला इंग्रजीत 'टंग' म्हणतात, जीभ. हा शब्द घोडागाडीच्या काळातला आहे. ही जीभ ट्रकच्या मागच्या हुकावर जितकं वजन टाकते, त्याला टंग वेट म्हणतात. नेहमीच्या ट्रेलरसाठी ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. आपल्या दुचाकी बैलगाडीत हेच तत्त्व पिढ्यान् पिढ्या पाळलं गेलं आहे. माल आखाच्या मागे जास्त गेला की गाडी उलाळ होते, दांडी वर उठते आणि जोखड बैलांच्या गळ्याला खालून ओढतं. माल फार पुढे आला की जोखड मानेवर बसतं आणि बैल चालत नाहीत. ट्रेलरचंही अगदी तसंच. जिभेवर भार कमी पडला की वेगात ट्रेलर डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो आणि ट्रकलाच फिरवतो. भार जास्त झाला की ट्रकचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक यांची पकड जाते.

म्हणून मी पुन्हा वजाबाकीकडे येतो. समजा, जुन्या अर्ध्या टनाच्या ट्रकचं नाव त्याच्या खऱ्या मर्यादेइतकंच खरं आहे, पाठीवर १,००० पौंड. एका बाकावर तीन माणसं बसली, ५०० पौंड गेले. हत्यारांची पेटी, जॅक, जादा टायर, पाण्याचे कॅन मिळून १५० गेले. उरले ३५०. एवढाच भार ट्रेलरची जीभ टाकू शकते. ट्रेलरच्या १२ टक्के भार जिभेवर येतो असं धरलं तर ट्रेलर ३,००० पौंडांच्या जरा आतच हवा. छोटी ॲल्युमिनियमची होडी, हलका कॅम्पर, बस. पाऊण टनाच्या ट्रकमध्ये तीच माणसं, तीच हत्यारं धरून ८५० उरतात, आणि ट्रेलर ७,००० पौंडांपर्यंत जातो. दोन हजार पौंडांच्या ट्रेलरवर साडेतीन हजार पौंडांची जुनी मोटार चढवायची असेल तर जिभेवर सुमारे ६६० पौंड येतात. हे काम पाऊण टनाचं आहे. अर्ध्याला ते झेपत नाही.

एक टनाच्या ट्रकचं मोल दुसऱ्या ठिकाणी आहे. हौद्यात रोवलेल्या हुकावर टेकणारे मोठे ट्रेलर 'गूजनेक' आणि 'फिफ्थ व्हील' या नावांनी ओळखले जातात. गूजनेक म्हणजे हंसाची मान, त्याच्या वाकड्या दांड्यावरून. फिफ्थ व्हीलची कथा जुनी आहे. घोडागाडीच्या पुढच्या आखावर वळण्यासाठी एक आडवं लोखंडी चक्र बसवत. चार चाकांनंतरचं ते पाचवं. पुढे ट्रक आणि ट्रेलरच्या सांध्याला तेच नाव लागलं. १९१४ साली डेट्रॉइटमधल्या ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराने एका लाकूड व्यापाऱ्याची होडी नेण्यासाठी फोर्डच्या मॉडेल टीला जोडायचा ट्रेलर बनवला आणि त्याला 'सेमी-ट्रेलर' म्हटलं. अर्धा भार स्वतःच्या चाकांवर, अर्धा पुढच्या गाडीवर, असा त्या 'सेमी'चा अर्थ. या जातीच्या ट्रेलरमध्ये १५ ते २५ टक्के भार ट्रकवर येतो. १०,००० पौंडांचा घोड्यांचा ट्रेलर म्हटला तर ट्रकच्या पाठीवर दीड ते अडीच हजार पौंड. तिथे एक टनाचा ट्रकच लागतो, आणि मागे दोन्ही बाजूंना जोडीची चाकं असलेला 'ड्यूअली' असेल तर आणखी बरं. शेव्हरोलेने १९७३मध्ये असे जोडचाकी एक टनी पिकअप आणले तेव्हा त्यांना 'बिग डूली' असं नाव होतं.

वाहणं आणि ओढणं यातला फरक ट्रकच्या पोटातही दिसतो. अर्ध्या टनाच्या ट्रकच्या मागच्या आखात साधारणपणे अर्ध-तरंगता शाफ्ट असतो, म्हणजे जो शाफ्ट चाक फिरवतो तोच गाडीचं वजनही पेलतो. पाऊण आणि एक टनाच्या ट्रकमध्ये पूर्ण-तरंगता शाफ्ट असतो. तिथे वजन बाहेरच्या हाउसिंगवरचे बेअरिंग पेलतात आणि शाफ्टला फक्त फिरवायचं काम उरतं. कामांची वाटणी झाली. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. ओळखायचं कसं, तर चाकाच्या मध्यभागी बाहेर आलेला जाड तुंबा आणि आठ बोल्ट. जुना ट्रक बघायला जाल तेव्हा मागच्या झाकणावरच्या क्रमांकाआधी वाकून ते बोल्ट मोजा. रंग नवा मारता येतो, क्रमांकाचा बिल्ला दुसऱ्या गाडीवरून आणून लावता येतो. आख इतक्या सहज बदलत नाही.

पाठीमागे कमानींचे पाटे बळकट, आख मोठा, ब्रेक मोठे, गिअरबॉक्स जड, या सगळ्यांचा मेळ कंपनीने पाऊण टनात घातलेला असतो. म्हणून अर्ध्या टनाच्या ट्रकला नुसते जाड पाटे बसवून तो पाऊण टनाचा होत नाही. पाटे उंची राखतात, थांबवत नाहीत. साठीच्या दशकातल्या बऱ्याच ट्रकांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक असत, आणि शेव्हरोलेच्या पिकअपना पुढे डिस्क ब्रेक १९७१मध्ये आले. उतारावर ट्रेलरचा दाब मागून येतो तेव्हा हे एक वर्ष पुढेमागे होणं मोठं ठरतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. कायदा असो वा नसो, जुन्या ट्रकमागच्या मोठ्या ट्रेलरला ते असायलाच हवेत.

जुन्या जाहिरातींमधल्या ओढण्याच्या आकड्यांवरही आंधळा विश्वास ठेवू नये. तेव्हा प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने ते ठरवत असे. सगळ्यांना एक कसोटी लागली ती २००८नंतर, जे-२८०७ या मानकाने. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या लांब चढाचं प्रमाण धरलं आहे. १९७०च्या ट्रकने ती परीक्षा कधी दिलेलीच नाही.

म्हणून भिस्त ठेवायची ती दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर. तिथे लिहिलेलं असतं ते जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे गाडी, माणसं, इंधन, माल आणि ट्रेलरच्या जिभेचा भार हे सगळं मिळून कमाल किती. आपल्या आरसी बुकात 'अनलेडन वेट' आणि 'ग्रॉस व्हेइकल वेट' असे दोन आकडे असतात, तोच हिशेब. आपल्या ट्रकवाल्यांनी या दोहोंतल्या फरकाला एक नेमका शब्द दिला आहे, 'पासिंग'. गाडीचं पासिंग किती, या प्रश्नाचं उत्तर कागदावरून येतं, बोलण्यातल्या नावावरून येत नाही. टाटांच्या जुन्या ट्रकांची नावंही या बाबतीत सरळ होती. १२१० म्हणजे एकूण १२ टन आणि १०० अश्वशक्ती. १६१२ म्हणजे १६ टन आणि १२० अश्वशक्ती. अमेरिकी नावात नुसता माल मोजलेला, टाटांच्या नावात गाडीसकट सगळं.

अमेरिकेत आज अर्ध्या टनाचा म्हणून विकला जाणारा ट्रक पाठीवर सर्रास दीड हजार पौंडांहून अधिक वाहतो. नाव तेच राहिलं, गाडी मोठी झाली. जुन्या ट्रकच्या बाबतीत मात्र हे नाव अजून बरंचसं खरं आहे, आणि म्हणूनच ते खरं धरून चालावं. आजच्या अर्ध्या टनाला जे झेपतं ते पन्नास वर्षांपूर्वीच्या अर्ध्या टनाला झेपेल असं समजणं हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

तेव्हा निवड करताना क्रम असा ठेवावा. आधी ट्रेलर भरून वजनकाट्यावर न्यावा, कारण कॅटलॉगमधलं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्याचा १२ ते १५ टक्के भार काढावा. त्यात माणसं आणि सामान मिळवावं. मग काट्यावर रिकामा ट्रक तोलून दाराच्या पट्टीवरच्या आकड्यातून ते वजन वजा करावं. जी बाकी उरते तीच ट्रकची खरी पात्रता, आणि आधी काढलेली बेरीज तिच्या आत बसायला हवी. ३,००० पौंडांच्या आतल्या ट्रेलरला चांगला जपलेला अर्धा टन पुरतो, आणि तो चालवायलाही हलका, आरामाचा. मोटार ओढायची, मोठा कॅम्पर न्यायचा, तर पाऊण टन घ्यावा. माझ्या मते जुन्या ट्रकांमध्ये ओढण्यासाठी सर्वांत शहाणी निवड हीच आहे. हंसाच्या मानेचा ट्रेलर असेल तर एक टन, दुसरा विचार करू नये.

मराठीत आपण बैलाला 'ओझ्याचा' आणि 'ओढीचा' असं वेगळं ओळखत आलो. इंग्रजीत एकाच 'टन'ने दोन्ही कामं सांगितली जातात, आणि त्यामुळे माणसं वाहण्याच्या नावावर ओढण्याचा ट्रक घेतात. वाहणं एका ट्रकचं असतं, ओढणं दोन गाड्यांचं. त्या दोघी मिळून उतारावरून सुखरूप खाली याव्यात यासाठीच हा सगळा हिशेब आहे, आणि तो दर वेळी, दर भारासाठी, नव्याने करावा लागतो.